वडिलांच्या सहीचा रकाना

श्रीगोंदा
१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

रमीज,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फेकायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं. घरात आपण आपली बोली बोलतो, पण लिहायला बसलो की मला मराठीच सुचते. चौथीपर्यंत गुरुजींनी तेवढीच डोक्यात घातली. चुका असतील तर असतील.

काल दुसरा रविवार होता. तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. शनिवारी मी सहा वेळा फोन केला. सातव्यांदा मच्छिंद्रच्या फोनवरून केला, तो तू उचललास आणि माझा आवाज ऐकून ठेवलास. मच्छिंद्र शेजारीच बसला होता. "रेंज नसंल, नूरभाई," म्हणाला. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बत्तीस वर्षं बसलेला माणूस. त्याला कशात किती वजन आहे ते कळतं. माझी लाज राखायला म्हणाला.

ऑगस्टपासून हा सातवा रविवार. कोर्टाच्या कागदात साफ लिहिलं आहे. महिन्याचा दुसरा आणि चौथा रविवार, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, वडिलांनी मुलीला पुणतांब्याला तिच्या आजोळहून घेऊन जायचं आणि तिथंच आणून सोडायचं. तलाक झाला तेव्हा तूच भांडलास की मला माझी मुलगी बघायला मिळाली पाहिजे. वकिलापुढं डोळ्यात पाणी आणलंस. मला वाटलं, पोराला माया आहे. आता वाटतं, तमन्ना देत नव्हती म्हणून तुला हवी होती. मिळाली, तशी नको झाली.

मी पहाटे साडेपाचच्या गाडीनं निघतो. नगरच्या स्टँडवर उतरून पुण्याहून येणाऱ्या गाड्या बघत उभा राहतो. निळा शर्ट घातलेला प्रत्येक माणूस मला तू वाटतोस. तीन गाड्या जाऊ देतो, चौथी बघायची हिंमत होत नाही, कारण पुढची कोपरगाव गाडी चुकली तर अकराचे साडेबारा होतात. मग पुणतांबा फाट्याला उतरायचं, तिथून रिक्षा. रस्त्याला खड्डे एवढे की रक्तदाबाची गोळी घशात अर्धी खाली, अर्धी वर. तुझ्या अम्मीला गाडी लागते आणि तिचे गुडघे पण गेलेत, त्यामुळे ती येत नाही, फक्त डबा देते आणि मागून सूचना देते.

आता मुद्द्याचं लिहितो. मच्छिंद्रकडून मी कोर्टाचा कागद दोनदा वाचून घेतला. त्यानं बोट ठेवून दाखवलं, "हितं वडील म्हनून लिवलंय. हितं बी वडील. आजोबा कुठंच न्हाई." म्हणजे काय ते समज. तू जात नाहीस हे समोरच्यांनी कोर्टाला सांगितलं, तर भेट बंद होऊ शकते. तू बंद झालास की मी आपोआप बंद. तुझ्या नावाच्या दोरीला मी लोंबकळतोय, आणि दोरी पुण्यात भोसरीला खोलीत झोपून राहते.

काल अरफाला घेऊन स्टेशनवर गेलो. तिथं सावली आहे, पाण्याचा नळ आहे. मालगाडी गेली, तिचे डबे तिनं मोजले. बारापर्यंत नीट मोजते, पुढं पुन्हा चारवर येते. संध्याकाळी वेळेत सोडलं. त्यांच्या वहीत सही पण झाली. कशी झाली ते विचारू नकोस.

तेवीसला चौथा रविवार आहे. ये.

तुझा अब्बा


श्रीगोंदा
१५ डिसेंबर २०२५, सोमवार

रमीज,

तेवीसला आला नाहीस. काल, चौदालाही आला नाहीस. माझ्या पत्राचं उत्तर नाही. पोस्टमनला विचारलं, पुण्याला पत्र जायला किती दिवस लागतात. म्हणाला, चार. मी त्याला म्हणालो, मग यायला किती लागतात. तो हसला. त्याला हसायला काय जातं.

मागच्या पत्रात जे लिहिलं नव्हतं ते लिहितो, कारण आता ते पोटात राहत नाही.

तमन्नाच्या भावानं, आसिफनं, एक वही केली आहे. त्यांच्या वकिलानं सांगितलं म्हणून. त्यानं पट्टीनं रेघा मारून चार रकाने पाडलेत. तारीख, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ, वडिलांची सही. वही खिडकीत असते, पेन दोऱ्यानं बांधलेलं. रविवारी आसिफ शिर्डीला त्याच्या फुलांच्या दुकानात असतो, तमन्नाची हॉस्पिटलात ड्युटी असते. घरी फक्त विहीणबाई. बद्रुन्निसाबींना अक्षर वाचता येत नाही. पहिल्या रविवारी त्यांनी वही पुढं केली आणि म्हणाल्या, "भाईसाब, इथं सही लागते म्हणे." मी बघितलं, वडिलांची सही. मी वडील नाही. मग मी तुझं नाव लिहिलं.

तू म्हणशील, अब्बा, ही लबाडी झाली. त्या दिवशी मला ती लबाडी वाटली नाही. रेशनच्या दुकानात काय होतं? जो जातो तो कार्डवाल्याच्या नावानं सही करतो. माझे अब्बा वारल्यावर दोन वर्षं मी त्यांच्या नावानं सही करून रॉकेल आणलं, दुकानदाराला पण माहीत होतं. कार्ड ज्याचं, सही त्याची, पिशवी कोणीही उचलावी. तसंच मला वाटलं. भेट तुझी आहे, मी फक्त आणायला गेलोय. आता वहीत तुझ्या नावाच्या नऊ सह्या आहेत. आसिफ दर महिन्याला पानाचा फोटो काढून दोन्ही वकिलांना पाठवतो. कागदावर तू सोन्यासारखा बाप आहेस.

आणि विहीणबाईंना मी सांगितलं आहे की रमीज फाट्यावर गाडी लावून बसलाय, दारात यायला त्याला शरम वाटते. त्यांनी मान हलवली. अरफाला पण सांगून ठेवलं आहे, आईनं विचारलं तर म्हणायचं, अब्बा भेटले. पोरगी हुशार आहे. एकदा सांगितलेलं विसरत नाही.

असो. ही चिंता वेगळी, आता खुशीचं सांगतो.

अरफाचा जन्म चोवीस ऑगस्टचा. पहिल्या धड्याला बसवायचं वय, चार वर्षं, चार महिने, चार दिवस, कधी पूर्ण होतं ते मी बोटांवर मोजलं, मग कॅलेंडरवर मोजलं, मग मच्छिंद्रकडून मोजून घेतलं. अठ्ठावीस डिसेंबर. आणि अठ्ठावीसला रविवार आहे. आणि तो चौथा रविवार आहे. कोर्टानं दिलेला दिवस आणि बिस्मिल्लाचा दिवस एकच आला. तुझी बिस्मिल्ला झाली तेव्हा तू माझ्या मांडीवर होतास, मौलानांनी म्हटलेला प्रत्येक शब्द तू इतक्या मोठ्यानं म्हटलास की बाहेरची कोंबडी पळाली. ते तुला आठवत नसेल. मला आठवतं.

मी तमन्नाला फोन केला. ती हो म्हणाली. तिनं रजा टाकली आहे. म्हणाली, "अब्बा, त्यांना म्हणावं, त्या दिवशी तरी गाडीतून उतरा. मी काही बोलणार नाही."

मी अरफासाठी बसायला छोटी गादी शिवतोय. कापूस हातानं पिंजला, यंत्रात घातला नाही. वरची खोळ लाल आहे, कडेला पिवळी पट्टी. माप मी थोडं वाढवलं, बाप आणि लेक दोघं बसतील एवढी रुंद केली. दाभणानं बोट फुटलं, त्याचं काही नाही.

अठ्ठावीस. अकरा वाजता. तोंड दाखवून लगेच परत गेलास तरी चालेल.

तुझा अब्बा


श्रीगोंदा
२९ डिसेंबर २०२५, सोमवार

रमीज,

काल मी नगरला पाच गाड्या जाऊ दिल्या.

गादी काखेत धरून उभा होतो. कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं. मी म्हणालो, ही सामान नाही, ही नातीची बिस्मिल्ला आहे. तो म्हणाला, "बाबा, बिस्मिल्ला मांडीवर घ्या मग." तिकीट घेतलं नाही. बघ, अनोळखी माणूस.

पोचायला पाऊण तास उशीर. दारात आसिफ, आत मौलाना, शेजारच्या चार बायका, अरफा हिरव्या कपड्यात, डोक्यावर ओढणी, ती सारखी खाली घसरत होती. तमन्नानं माझ्या मागं बघितलं. मी म्हणालो, "गाडी लावतोय तो. येईल." पुन्हा तेच. सवयीनं तोंडातून आलं, रमीज, मी ठरवलं नव्हतं.

गादी टाकली. अरफा एका बाजूला सरकून बसली. कोणी सांगितलं नव्हतं, तिनं आपणहून दुसरी बाजू मोकळी ठेवली. मौलाना पंधरा मिनिटं थांबले, मग त्यांनी घड्याळ बघितलं. जोहरच्या, दुपारच्या नमाजाची वेळ होत आली होती. मग झालं. तिनं बिस्मिल्ला म्हटलं, पूर्ण, एका दमात, एकही अक्षर गाळलं नाही. बायकांनी तिच्या कानाजवळ बोटं मोडून दृष्ट काढली. लाडू वाटले. मी भिंतीला टेकून होतो. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात तमन्ना बाहेर जाऊन आली. कोपऱ्यापर्यंत, रस्त्यापर्यंत. परत आली आणि अरफाच्या समोर खाली बसली. आवाज चढवला नाही. ती चढवतच नाही, तुला माहीत आहे, त्याचाच तुला राग यायचा.

"अरफा, रविवारी अब्बा भेटतात का गं?"

अरफानं माझ्याकडं बघितलं. आधी माझ्याकडं, मग आईकडं. म्हणाली, "भेटतात."

"कुठं?"

"गाडीत."

"कोणत्या रंगाची गाडी?"

पुन्हा माझ्याकडं बघितलं. रंग मी शिकवला नव्हता. तिनं तिला माहीत असलेली एकच मोठी गाडी आठवली. "लाल."

"लाल," तमन्ना म्हणाली. "कंडक्टर पण असतो का तिच्यात?"

आसिफ हसला, मग त्याला कळलं. त्यानं खिडकीतली वही काढली, पानं उलटली. "चाचा, ही सही?" तमन्नानं त्याच्या हातातून वही घेतली आणि मिटली.

मला ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मला खोटं सांगितलंत, ते जाऊ द्या, अब्बा. तिला कशाला शिकवलंत?" मग म्हणाली, "जेवून जा."

मी जेवलो. न जेवता निघालो असतो तर आणखी काहीतरी झालं असतं. कालच्या तारखेपुढं मी सही केली नाही. कोणी मागितली पण नाही.

मी तुझ्यावर चिडलो आहे, हे वेगळं लिहायला नको. पण बसमध्ये साडेचार तास मी तुझा विचार करत नव्हतो. पोरीनं अल्लाचं नाव घेतलं, त्या तोंडाला अजून लाडू लागलेला, आणि त्याच तोंडानं ती माझी परवानगी घेऊन खोटं बोलली. हे तू शिकवलेलं नाहीस. तू तर तिथं कधी नव्हतासच. हे माझं आहे.

तुझी अम्मी विचारते, पोरगी कशी दिसत होती. मी म्हणालो, हिरवी. पुढचं तिला अजून सांगितलेलं नाही.

अब्बा


श्रीगोंदा
२१ जानेवारी २०२६, बुधवार

रमीज,

काल तुझा फोन आला. साडेपाच महिन्यांनी. मी दुकानात गादीला टाके मारत होतो, हातातलं दाभण खाली पडलं. तू आधी विचारलंस, "अब्बा, तब्येत कशी आहे?" तेव्हाच मी घाबरलो.

तू बोललास ते मी नीट ऐकलं. उत्तर आता लिहितो. तमन्नाला नाशिकला मोठ्या हॉस्पिटलात कायमची नोकरी लागते आहे. अरफाला तिकडं न्यायचं म्हणून तिनं कोर्टात परवानगी मागितली आहे. तू विरोध केला आहेस. तुझ्या वकिलानं वहीचे फोटो लावलेत आणि लिहिलंय की बाप न चुकता मुलीला भेटतो, मुलीला बापाचा लळा आहे, तिला दूर नेलं तर तिचं नुकसान होईल. समोरच्यांनी म्हटलं आहे की सह्या खोट्या आहेत. म्हणून तीन फेब्रुवारीला मी कोर्टात यायचं आणि सांगायचं की तू दर वेळी माझ्यासोबत होतास.

मी विचारलं, "तुला अरफा ठेवायची आहे का तुझ्याजवळ?" तू म्हणालास, "ठेवायचा विषयच नाही, अब्बा. तिला एवढं सोपं होऊ द्यायचं नाही." तिला म्हणजे कोणाला, ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही.

मग तू जे म्हणालास ते माझ्या डोक्यातून जात नाही. "नाशिकला गेली तर तुम्ही काय, दर पंधरा दिवसाला दोनशे किलोमीटर जाणार? नुकसान तुमचंच आहे."

बरोबर आहे. हे तू बरोबर बोललास, आणि म्हणून मला तुझा जास्त राग आला. मला ती जायला नको आहे. जानेवारीतला दुसरा रविवार, अकरा तारीख, मी गेलो होतो. मला वाटलं होतं दार लावून घेतील. लावलं नाही. विहीणबाईंनी पोरगी तयार करून ठेवली होती. वही खिडकीत नव्हती. आम्ही स्टेशनवर बसलो, तिनं डबे मोजले, आता चौदापर्यंत जाते. कोणतं गाव कोणत्या बाजूला ते विचारत होती. शिर्डीचा फाटा दाखवला. नाशिक कुठं, म्हणाली. मी उलट्या बाजूला बोट दाखवलं. मुद्दाम. ती मोठी झाल्यावर कधीतरी नकाशा बघेल आणि म्हणेल, दादाला (मला ती दादा म्हणते) दिशा कळत नव्हत्या.

म्हणजे कोर्टात मी आणखी एक खोटं बोललो, तर पोरगी पुणतांब्यातच राहते. नऊ खोट्यांवर दहावं. मच्छिंद्रला विचारलं. तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला. म्हणाला, "नूरभाई, काट्यावर लोक ट्रॉलीत उसाखाली दगड घालून आनायचे. वजन भरायचं बरोबर. पर गाळायला घेतलं की मशीन तुटायचं." मी म्हणालो, तुला सरळ बोलता येत नाही का. तो म्हणाला, "न्हाई."

तुझ्या अम्मीला परवा सगळं सांगितलं. वही, सह्या, लाल गाडी, सगळं. ती तांदूळ निवडत होती. निवडत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या स्टेशनवरच्या बाकड्यासाठी ती पोर आयुष्यभर मामाच्या फुलांच्या दुकानावर जगणार का?" मी म्हणालो, "तुला नात नको आहे का?" त्यावर ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

मला भीती पण आहे. खोट्या सहीला शिक्षा असते असं मच्छिंद्रचा पुतण्या म्हणतो. या वयात तुरुंगात रक्तदाबाच्या गोळ्या मिळतात का, कोणाला विचारू?

तीनला मी येईन. काय बोलणार ते लिहीत नाही. तुझी अम्मी म्हणाली लिहू नका, नाहीतर तो तारीख बदलून घेईल.

अब्बा


श्रीगोंदा
९ फेब्रुवारी २०२६, सोमवार

रमीज,

कोर्टात काय झालं ते तू पाहिलंस. पण तू बाकावर होतास आणि मी समोर उभा होतो. दोन्हीकडून सारखं दिसत नाही, म्हणून लिहितो.

न्यायाधीश बाईंनी वहीचं पान पुढं केलं आणि विचारलं, ही सही कोणाची. मी म्हणालो, माझी. त्या म्हणाल्या, नाव तर रमीज आहे. मी म्हणालो, नाव त्याचं आहे, हात माझा आहे. तुझा वकील लगेच उठला. आजोबांचं वय झालं आहे, त्यांना आठवत नाही, ते गोंधळलेत. मी गोंधळलो होतोच, पण त्यात नव्हतो. बाईंनी कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, तुमची स्वतःची सही करून दाखवा.

तू तेव्हा खाली बघत होतास, म्हणून तुला दिसलं नाही. मी पेन टेकवलं आणि माझ्या हातानं र काढला. नऊ वेळा गिरवलेलं अक्षर, हाताला तेच माहीत. मी तो खोडला आणि माझं नाव लिहिलं, वेडंवाकडं. बाईंनी त्या खोडलेल्या र कडं बघितलं आणि तुझ्या वकिलाला म्हणाल्या, "बसा तुम्ही."

मग मला खूप बोलल्या. कोर्टाच्या कामाच्या वहीत असं करायचं नसतं, याचे परिणाम होतात, पुन्हा केलंत तर सोडणार नाही. मी मान खाली घालून ऐकलं. शेवटी विचारलं, "नातीला भेटायचा तुमचा स्वतःचा काही अर्ज आहे का?" मी म्हणालो, नाही. "का नाही केलात?" मी म्हणालो, "मला वाटलं, आजोबाला अर्ज लागत नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, अर्ज नसेल तर मला तुम्हाला काही देता येत नाही.

तमन्नाला परवानगी मिळाली. तुझे रविवार तसेच आहेत, दुसरा आणि चौथा, फक्त नाशिकला, आणि दोन दिवस आधी कळवायचं. तुझं काहीच गेलं नाही, रमीज. तुझं सगळं तसंच्या तसं कागदावर आहे. बाहेर जिन्यात तू मला म्हणालास, "आता खूश?" आणि निघून गेलास. निळाच शर्ट होता.

काल दुसरा रविवार. त्यांचा पुणतांब्यातला शेवटचा. कोणी बोलावलं नव्हतं, मी गेलो. नगरला एकही पुण्याची गाडी बघितली नाही, सरळ कोपरगावच्या गाडीत बसलो. त्यामुळे साडेनऊलाच पोचलो आणि दीड तास मशिदीच्या ओट्यावर बसून राहिलो, कारण अकराच्या आधी जायची सवय नाही.

घरात खोकी बांधून ठेवलेली. आसिफनं टेम्पो ठरवला आहे. लाल गादी गुंडाळून सुतळीनं बांधलेली होती, सगळ्यात वर. विहीणबाईंनी चहा दिला. मी म्हणालो, "बद्रुन्निसाबी, मी तुम्हाला फसवलं, माफ करा." त्या म्हणाल्या, "मला कुठं फसवलं? रमीजमियाँ गाडीत बसलेत म्हणायचे, आणि खिशातून एसटीचं तिकीट डोकावायचं. मला वाचता येत नाही, दिसतं तरी." मी म्हणालो, "मग पहिल्याच दिवशी बोलला का नाहीत?" त्यांनी साखरेचा डबा पुढं सरकवला. "बोलले असते तर दुसऱ्या रविवारी कोण आलं असतं?"

सहा महिने मी एकटाच भीत होतो. राग आला मला. अजून येतोय.

तमन्ना म्हणाली, ती महिन्याच्या पहिल्या रविवारी आईकडं येत जाईल. मला यायचं असेल तर मी यावं. मी विचारलं, हे कुठं लिहिलंय? ती म्हणाली, "कुठंच नाही, अब्बा. मी सांगते आहे." मला हे पटलं नाही. लिहिलेलं नसेल तर उद्या तिनं नाही म्हटलं, मी कोणाकडं जायचं? तिची बदली झाली, ती रागावली, तिचं दुसरं लग्न झालं, तर? मी हे सगळं तिला बोलून दाखवलं. ती ऐकत होती आणि अरफाचे मोजे खोक्यात भरत होती. म्हणाली, "मग नका येऊ." मी म्हणालो, तसं नाही. ती म्हणाली, "मग या."

असं आहे. कागद नाही, म्हणजे हक्क नाही. हक्क नाही, म्हणजे रागावता पण येत नाही. वेळेवर जायचं, एवढंच हातात.

स्टेशनवर नेलं तिला. बाकड्यावर बसल्यावर मी म्हणालो, "अरफा, नाशिक त्या बाजूला आहे, दादानं चुकीचं दाखवलं होतं." तिनं त्या बाजूला बघितलं. मग मी म्हणालो, "आणि अब्बा कधी आले नव्हते. मीच येत होतो. आईनं विचारलं तर खरं सांगायचं." ती म्हणाली, "मला माहीत आहे. लाल गाडीत फक्त दादा असतो." आणि डबे मोजायला लागली. काल मालगाडी लांब होती. एकोणीसपर्यंत गेली.

पाचला सोडलं. वही खोक्यात टाकायची राहिली होती, खिडकीत पडलेली. मी आसिफला म्हणालो, आजची नोंद करू का? तो म्हणाला, "चाचा, आता वही कशाला?" तमन्ना म्हणाली, करू दे. मी तारीख लिहिली, वेळ लिहिली. मग पट्टी मागून घेतली आणि पानाच्या कडेला आणखी एक रेघ मारली, त्यात माझं नाव मावेल एवढी जागा झाली. तिथं मी सही केली. तुझा रकाना रिकामा सोडला. तो भरणं माझं काम नव्हतं. ऑगस्टमध्येच कळायला हवं होतं.

दहा दिवसांवर रोजे आलेत. एक मार्चला पहिला रविवार आहे. रोजा धरून एवढा प्रवास नको, असं तुझी अम्मी म्हणते. मी जाणार. साडेपाचची गाडी, साडेसातपर्यंत नगर स्टँड. तिथं मी वीस मिनिटं थांबतो, जास्त नाही. तुला यायचं असेल तर तिथं ये. नसेल यायचं, तर तसं तूच तमन्नाला कळव, तुझ्या हातानं.

नूरमहंमद पिंजारी
(ही सही माझी आहे.)